अठ्ठ्याहत्तर किलोची बाई

आमच्या बंद बरॅकमध्ये भांडण झालं की आधी रक्त दिसतं आणि मग आवाज येतो. कुणी चमचा घासघासून टोक काढलेलं असतं, कुणी बादलीची कडी उपटलेली असते, आणि काहीच हाताशी नसेल तर दात असतातच. शिपाईणीच्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीत माझा डावा कान दोनदा शिवून झाला. उजव्या करंगळीला नख नाही. एकीने दंडाचा लचका घेतला होता, तो अजून थंडीत ठणकतो. पण एवढ्या वर्षांत मी एकाही कैदी बाईवर दंडुका उचलला नव्हता. 'नव्हता' म्हणायची वेळ आली, म्हणून तर हे सांगायला बसले आहे.

मी फार दयाळू आहे अशातला भाग नाही. माझ्या जिभेला हाड नाही, हे तुरुंगात आणि घरी दोन्हीकडे सगळ्यांना माहीत आहे. पण माझ्याकडे दुसरा इलाज होता. मी बसायची.

पिसाळलेल्या बाईला मागून कमरेत धरायचं, पायात पाय घालून खाली घ्यायचं, पालथी करायची आणि तिच्या मांड्यांवर बसायचं. छातीवर नाही, पाठीवर तर नाहीच. तिथे बसलं की श्वास कोंडतो आणि बाई हकनाक जीव गमावते. कमरेच्या खाली आपलं बूड टेकायचं, तिची दोन्ही मनगटं आपल्या मुठीत घ्यायची, आणि मग काही म्हणजे काही करायचं नाही. शिव्या खायच्या, थुंकी खायची आणि बसून राहायचं. दहा मिनिटं, कधी पाऊण तास. अंगाखालचं अंग आधी उसळतं, मग थरथरतं, मग रडतं. आमच्या बरॅकमध्ये ठरूनच गेलं होतं की खालची बाई स्वतःच्या तोंडाने 'बाई, उतरा' म्हणेपर्यंत मी उतरायचं नाही आणि तिने म्हटल्यावर क्षणभरही जास्त बसायचं नाही. हा शब्द मी कधी मोडला नाही आणि त्यांनीही मोडला नाही. उतरल्यावर कुणी माझ्यावर उलटली, असं एकदाही झालं नाही.

सगळ्यात जास्त वेळा बसले असेन ती भिंगरीवर. तिशीची काटकुळी पोरगी, पण फिरायला लागली की चौघींना आवरायची नाही. चार वर्षांपूर्वी सावत्र बापाला फावड्याने मारून आत आली होती. तो पहिल्याच घावात गेला होता. पुढचे वीसेक घाव कशासाठी, हे वकिलाने तिला तीन दिवस विचारलं आणि ती तीन दिवस त्याच्याकडे बघत राहिली. मला न विचारताच कळलं होतं. तिला थांबता यायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी तिला थांबवावं लागायचं. दुसऱ्या शिफ्टच्या बायका दंडुक्याने थांबवायच्या. मग भिंगरी चार दिवस काळीनिळी पडून असायची आणि पाचव्या दिवशी दुप्पट जोराने उसळायची. माझ्या शिफ्टला ती मार न खाता थांबायची. कधीकधी तर डोकं भिंतीवर आपटायला लागण्याआधीच हाक मारायची, "बाई, लवकर या, बसा." मी जेवणाचा डबा तसाच टाकून जायची.

तर अशी मी, अठ्ठ्याहत्तर किलो चारशे ग्रॅमची बाई.

हा आकडा मला नव्या अधीक्षक मॅडमनी दाखवला. मॅडम चाळिशीच्या आतल्या, रोज पहाटे तुरुंगाच्या भिंतीभोवती सहा फेऱ्या पळणाऱ्या, पोट असं नाहीच. आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं की बंद बरॅकमध्ये ड्युटी करणाऱ्या प्रत्येकीचं वजन पासष्टच्या आत हवं. मुदपाकखान्याच्या कोठारात पिठाची पोती मोजायचा काटा आहे, त्यावर आम्हा अकराजणींना एकेक करून चढवलं. माझ्या वेळी काटा करकरला आणि मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"बाई," मॅडम म्हणाल्या, "कैदी पळाली तर तुम्ही धावणार कशा?"

"मॅडम, बंद बरॅक आहे. तिथून कुणी पळत नाही. सगळ्या अंगावर येतात."

हे ऐकून बाकीच्या हसल्या, मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या नावापुढे लाल रेघ मारली. तीन महिन्यांनी सोमवारी दुपारी बारा वाजता पुन्हा वजन. जास्त भरलं तर बंद बरॅक सुटली, निवृत्तीपर्यंत फाटकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या. माझी जागा कुणाला देणार, तेही त्यांनी तिथेच सांगितलं. दुसऱ्या शिफ्टची एक, सडपातळ, चपळ, आणि दंडुका फिरवण्यात पटाईत.

मला घाम फुटला. मॅडमना वाटलं मी घाबरले. घाबरले होतेच, पण तो घाम वेगळा होता.

पाळी जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. गेली ती एकटी गेली नाही. जाताना झोप घेऊन गेली, गुडघे घेऊन गेली, आणि जागा रिकामी नको म्हणून पोटाभोवती एक टायर ठेवून गेली. आधी माझं वजन सहासष्ट-सदुसष्टला असायचं. खाण्यात घासाचाही फरक नाही, चालणं तेवढंच, तरी दोन वर्षांत बारा किलो कुठून येऊन बसले ते देव जाणे. दिवसातून पाच-सहा वेळा छातीतून एक झळ उठायची, मानेवरून कानापर्यंत चढायची, आणि अंगातला खाकी शर्ट पिळून काढावा इतका भिजायचा. झळ उतरली की हुडहुडी. आणि तिच्या जोडीने राग. असा राग की समोरच्याने नुसतं 'काय झालं?' म्हटलं तरी त्याचं नरडं धरावं.

तुरुंगाच्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हे होतं. माझंही झालंय," त्या म्हणाल्या. "पण उपाशी राहू नका हं. या वयात उपास केलात तर चरबीच्या आधी ताकद उतरते. अंडी खा, डाळी खा, आठवड्यातून तीनदा वजनं उचला, रोज चाला. महिन्याला दोन किलो उतरले तरी खूप झालं."

"तीन महिन्यांत सहा. मला तेरा-चौदा हवेत."

"मग मॅडमना मी चिठ्ठी देते. मुदत वाढवून मागू."

"काय लिहिणार? पाळी गेली म्हणून सूट द्या?"

"त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

लाजण्यासारखं काय आहे ते त्यांना कळलं नसतं. काट्यावर माझ्यामागे हसणारी कोण होती, ते मला माहीत होतं. माझी जागा जिला मिळणार होती, तीच. मी चिठ्ठी घेतली नाही.

त्या दिवसापासून सकाळी लिंबूपाणी, दुपारी दोन काकड्या, संध्याकाळी वाटीभर पातळ सूप. बस. पहिल्या आठवड्यात तीन किलो गेले आणि मी अशी हवेत तरंगायला लागले की आमचे हे घाबरले. हे बस डेपोत टायर बसवायचे. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि तेव्हापासून स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात. मला काही न खाता झोपायला जाताना बघून त्यांचा जीव कासावीस व्हायचा. भांडी जास्त आवाज करून ठेवायचे.

चौथ्या आठवड्यात एके सकाळी त्यांनी लोण्यात ऑम्लेट केलं. कांदा, मिरी, भरपूर लोणी. मी शर्टाची बटणं लावत होते आणि तो वास घरभर झाला. हे तवा घेऊनच माझ्यासमोर आले.

"चार घास खा. कुणाला सांगणार नाही मी."

झळ नेमकी त्याच वेळी उठली. मी त्यांच्या हातातून तवा हिसकला आणि फेकला. जमिनीवर नाही, त्यांच्यावर. तव्याची कड त्यांच्या भुवईला लागली. ऑम्लेट भिंतीवर चिकटून हळूहळू खाली सरकलं आणि यांच्या भुवईचं रक्त डोळ्यात ओघळलं.

"अगं," हे भुवई दाबून म्हणाले, "तुला भूक लागलीये. राग नाही आलेला तुला."

"मला अक्कल शिकवू नका!"

तीन टाके पडले. दवाखान्यात विचारल्यावर हे म्हणाले, कपाटाचं दार लागलं. कपाटाचं दार, न्हाणीघरातली पायरी, ओली फरशी. ही कारणं मी गेली सत्तावीस वर्षं बायकांच्या तोंडून ऐकत आले होते. कितीतरी जणी हीच वाक्यं बोलून बोलून एक दिवस हातात काहीतरी घेऊन उठल्या आणि माझ्या बरॅकमध्ये आल्या. आमच्या घरात ते वाक्य नवऱ्याच्या तोंडून आलं. मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दुसऱ्या दिवशीही मी काकडीच खाल्ली, आणि ते वाण्याकडून आणखी एक किलो काकड्या घेऊन आले.

दोन महिन्यांत एकाहत्तर. वाटेत दिसेल ती बाई थांबून बघायची. "काय जादू केलीत?" म्हणायची. नणंदेने तर जावांसमोर मला गोल फिरवून बघितलं. खोटं कशाला बोलू, गुदगुल्या व्हायच्या. युनिफॉर्म दोनदा आत घेतला. माझ्या जोडीची शिपाईण, जिला सगळ्या शिट्टी म्हणतात, कारण पाल दिसली तरी ती शिट्टी वाजवते, ती म्हणाली, "ताई, मागून तुम्ही माझ्यापेक्षा लहान दिसता." शिट्टी बेचाळीसची.

बरॅकचा लोखंडी दरवाजा मात्र आता मला दोन हातांनी ओढावा लागत होता. वरच्या मजल्यावर जाताना मध्ये थांबून बुटाची नाडी बांधल्याचं नाटक करायची. हे मी कुणालाच सांगितलं नाही.

आणि एक गोष्ट तर मी स्वतःलासुद्धा नीट सांगितली नाही. वजनाला पंधरा दिवस उरले होते, मी अडुसष्टवर होते. भिंगरी दुपारी उसळली, डोकं गजांवर आपटायला लागली. मी नेहमीसारखी तिला खाली घेतली, पालथी केली, बसले. तिने कमरेला एक हिसका दिला आणि मी कुशीवर कलंडले. पुन्हा बसले. पुन्हा हिसका. शिट्टीने धावत येऊन तिचे पाय धरले म्हणून निभावलं. जमिनीला गाल लावून भिंगरी धापा टाकत होती. मान वळवून माझ्याकडे बघत होती.

"बाई, नीट बसा ना."

"गप गं, बसलेच आहे."

"नाही बसलात. बसा ना नीट."

त्या दिवशी तिने 'उतरा' म्हटलंच नाही. ती दमून झोपली आणि मी हळूच उठले. बाहेर आल्यावर शिट्टी म्हणाली, "ताई, मॅडमना सांगायचं का? तुमच्याने आता—"

"फरशीवर साबण होता. पाय सरकला माझा."

"साबण कुठे होता? मी—"

"साबण होता म्हणून सांगितलं ना! आणि खबरदार कुणाला बोललीस तर."

माझ्या स्वतःच्या जागेसाठी मी हे केलं. भिंगरीला दंडुक्यापासून वाचवण्यासाठी, असं तेव्हा मनाला समजावत होते. थोडं खरं होतंही ते. पण काट्यामागचं ते हसू मला खोडून काढायचं होतं, हे त्याहून जास्त खरं.

रविवारी मी नुसतं गरम पाणी प्यायले. सोमवारी पाणीही नाही, कारण पाण्याचंही वजन भरतं. सकाळी घरच्या काट्यावर चौसष्ट नऊशे. हातापायाला मुंग्या येत होत्या, जीभ टाळूला चिकटत होती. यांनी दारात माझा हात धरला. "आज रजा टाक," म्हणाले. मी हात सोडवला.

साडेनऊला न्हाणीची वेळ. बंद बरॅकच्या टोकाला सिमेंटचा लांब हौद आहे, कडेला नळ, तिथे एका वेळी सहाजणी धुतात. भिंगरीने आपला टॉवेल धुऊन कडेवर चौकोनी घडी घालून ठेवला होता. तिचं तसंच असायचं, घडीचं टोक टोकाला जुळलं पाहिजे. नवीन आलेल्या एका पाकीटमारणीने बघितलं नाही आणि त्यावर आपली ओली चप्पल ठेवली.

एवढंच कारण झालं. भिंगरीने तिला केसांना धरून हौदात बुडवलं. शिट्टी जवळ होती, ती मधे पडली, तिने पाकीटमारणीला वर ओढून काढलं आणि तिच्या जागी स्वतः सापडली. भिंगरीने शिट्टीच्या मानेला पकडलं आणि तिचं कपाळ हौदाच्या कडेवर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा आवाज ओला आला. हौदातलं पाणी गुलाबी झालं. शिट्टीच्या गळ्यात शिट्टी होती, पण ती वाजवायला तोंड कुठे रिकामं होतं? तोंडात रक्त होतं.

मी धावले. मागून कमरेला मिठी घातली, पायात पाय घातला, भिंगरीला खाली घेतलं. हात आपोआप चालत होते. पालथी केली. बसले.

तिने मला फेकून दिलं.

कलंडले नाही, हवेत फेकली गेले. पाठ नळावर आदळली. उठले, पुन्हा तिच्यावर पडले, सगळं अंग झोकून दिलं, पण झोकून द्यायला अंग उरलंच नव्हतं. माझ्याखाली ती अशी हलत होती, जणू वर कुणी नव्हतंच. तिने मान वळवून माझ्या मनगटात दात रोवले. मी किंचाळले. ती माझ्याखालून निसटली आणि पुन्हा शिट्टीकडे सरकायला लागली. शिट्टी हौदाला टेकून बसली होती, डोळे उघडे, पण काही बघत नव्हती.

तेव्हा ती झळ उठली. छातीतून मानेवर, मानेवरून कानात. शिट्टीच्या कमरेचा दंडुका खाली पडला होता. मी तो उचलला.

पहिला फटका मी भिंगरीच्या दंडावर मारला, तो शिट्टीला वाचवण्यासाठी. तो कुणीही मारला असता. दुसरा मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचं मला हातातच कळलं. भिंगरी तिथे थांबली. तिने शिट्टीला सोडलं होतं. ती जमिनीवर बसली, मोडलेला हात छातीशी धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बसा ना, बाई."

मी मारलं.

"बाई, बसा ना. बसा ना माझ्यावर."

मी मारलं. खांद्यावर मारलं, पाठीवर मारलं, ती आडवी झाली तेव्हा मांड्यांवर मारलं, जिथे मी चार वर्षं बसत आले होते तिथेच. तीन महिन्यांची भूक माझ्या हातात आली होती. काट्यामागे हसलेलं तोंड, पोटावरचा टायर, मॅडमची लाल रेघ, यांची रक्ताळलेली भुवई, सगळ्यांना मी मारत होते आणि फटके एकटी भिंगरी खात होती. ती 'बसा ना' म्हणत होती. मला प्रत्येक वेळी नीट ऐकू येत होतं. ऐकू आलं नाही, भान नव्हतं, असं मी कुणालाही सांगणार नाही. ऐकलं आणि मारलं. शेवटचा फटका जबड्यावर बसला, त्यानंतर तिला बोलता आलं नाही.

मग मी थांबले. राग संपला म्हणून नाही, हात वर जाईना म्हणून. मागे वळून पाहिलं तर बाकीच्या पाचही जणी भिंतीला चिकटून उभ्या होत्या. पाकीटमारीण रडत होती.

शिट्टीला आणि भिंगरीला एकाच स्ट्रेचरवरून पाठोपाठ नेलं. शिट्टीच्या कपाळाला अकरा टाके. भिंगरीचं मनगट दोन ठिकाणी मोडलेलं, तीन बरगड्या, जबडा. डॉक्टरीणबाईंनी माझ्या मनगटावर पट्टी बांधली. बांधताना त्यांनी माझा दंड दोन बोटांत धरून पाहिला, आणि सोडून दिला. तेवढं मला पुरलं.

बाराला पाच मिनिटं असताना मॅडमचा निरोप आला. मला वाटलं चौकशीला बोलावलं आहे. बोलावलं होतं कोठारात, काट्यावर. रक्ताचा शर्ट बदलून कुणाचातरी कोरडा शर्ट घातला होता, तो मला ढगळ होत होता. मी चढले. काटा करकरला नाही.

"चौसष्ट दोनशे," मॅडमनी मोठ्याने वाचलं आणि टाळ्या वाजवल्या. त्यांनी वाजवल्या म्हणून बाकीच्यांनीही वाजवल्या. "बघा, मनावर घेतलं की होतं. वयाची कारणं सांगू नका म्हणते मी, ती यासाठीच. बंद बरॅक पुढचं वर्षभर तुमची."

मग त्या मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "आणि सकाळचंही कळलं मला. तीन महिन्यांपूर्वी तुम्ही इतक्या चपळाईने दंडुका उचलला असता का?"

"नसता उचलला, मॅडम."

"तेच म्हणते मी."

त्या कौतुक करत होत्या.

त्यांच्या खोलीत टेबलावर कागद आणि पेन ठेवलं होतं. अहवाल कसा लिहायचा ते त्या सांगत होत्या. कैद्याच्या हातात फुटक्या फरशीचा तुकडा होता. कैद्याने शिपाईणीच्या गळ्यावर वार करण्याचा प्रयत्न केला. आवश्यक तेवढं बळ वापरलं. मी पेन घेतलं आणि लिहिलं: कैद्याच्या हातात काही नव्हतं. दुसऱ्या फटक्यानंतर तिने शिपाईणीला सोडलं होतं. त्यानंतर मी किती फटके मारले ते मोजले नाहीत. पूर्वी मी तिला वजनाने धरून ठेवत असे. उपाशी राहून वजन उतरवल्यामुळे मला ते जमलं नाही. हे मला पंधरा दिवसांपूर्वीच कळलं होतं आणि मी लपवलं. खाली सही केली.

मॅडमनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

"आज तुमचं डोकं ठिकाणावर नाही. घरी जा, जेवा. उद्या नवा कागद देते."

"उद्याही हेच लिहीन."

"मग सह्या घ्यायला फाटकावरही जागा मिळणार नाही, एवढं ध्यानात ठेवा."

मी घरी गेले नाही. आजारी कैद्यांच्या खोलीत गेले. वाटेत मुदपाकखान्यात थांबून दूध मागून घेतलं, पेलाभर, साखर घालून. जबडा बांधलेल्या माणसाला नळीने दूध चालतं, एवढं मला माहीत होतं. तिला काय सांगायचं ते मी जिन्यावर जुळवत होते. खरं लिहून दिलं आहे म्हणून सांगायचं. चुकले म्हणायचं. सत्तावीस वर्षांत हा शब्द मी कुणाही कैद्याला म्हटला नव्हता, पण तिला म्हणणार होते. पुन्हा खाईन, पुन्हा नीट बसेन, असंही सांगायचं होतं.

भिंगरी खिडकीकडे तोंड करून पडली होती. एक हात प्लास्टरमध्ये कोपरापर्यंत, तोंडाला पट्ट्या. माझ्या बुटांचा आवाज ऐकून तिचे खांदे आखडले. न वळताच तिने पाय पोटाशी घेतले आणि चांगला हात डोक्यावर धरला. चार वर्षांत माझी चाहूल लागली की ही पोरगी हाक मारायची. तिला वाटलं असेल दुसऱ्या शिफ्टची कुणी आली, असं मला वाटलं. मी पेला खाटेजवळ जमिनीवर ठेवला आणि वाकले.

"मी आहे गं," मी म्हटलं. "तुझी बाई."

ते ऐकल्यावर तिने प्लास्टरचा हातही उचलून डोक्यावर घेतला.